चिरवंड

भाचीने शब्दकोशाचा जाडजूड खंड मांडीवर उघडला, डोळे मिटून पानावर बोट टेकवलं आणि वाचलं, ‘‘चिरवंड.’’ तिच्या सासूबाईंनी लगेच विचारलं, हे काय खायचं असतं की अंगाला लावायचं. जावई हसला. मी मात्र पेन्सिलीचं टोक तपासत बसले, कारण चेहरा कुठेतरी लपवायला हवा होता. खेळ साधा आहे. एकाने कोशातून कोणालाच माहीत नसलेला शब्द काढायचा. बाकीच्यांनी खरा वाटेल असा अर्थ मनानेच रचून चिठ्ठीवर लिहायचा. शब्द काढणाऱ्याने कोशातला खरा अर्थही तशाच चिठ्ठीवर उतरवायचा, सगळ्या चिठ्ठ्या मिसळून एका सुरात वाचायच्या, आणि मग प्रत्येकाने खरा कोणता ते सांगायचं. तुमच्या थापेला जो फसेल त्याचा एक गुण तुमचा. खरा ओळखलात तर दोन. इमानाचा नियम एकच आहे: शब्द माहीत असला तर तसं कबूल करायचं, मग दुसरा शब्द काढतात. हा खेळ या घरात मीच आणला, नियमही मीच घातला, आणि आजवर पाच-सहा वेळा ‘मला ठाऊक आहे, दुसरा काढ’ म्हणून मीच सगळ्यांचा विरस केला. कोशकचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या बाईबरोबर हा खेळ खेळणं म्हणजे पोहणाऱ्याशी पाण्यात पैज लावण्यासारखंच आहे. आज मी बोलले नाही. चिरवंड मला ठाऊक होता. त्याचं मूळ कार्ड मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि तो शब्द सव्वीस वर्षांत मी एकदाही तोंडाने उच्चारला नव्हता.

रविवारची दुपार होती. भाचीच्या घरी रविवारी जायचं हे आता ठरूनच गेलं आहे. ती बोलावते म्हणून मी जाते, आणि मी येणारच म्हणून ती बोलावते. आधी कोणी सुरुवात केली ते आता सांगता येणार नाही. जेवणाच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या, माणसं चार. मी नेहमीच्या जागी भिंतीकडे बसते आणि शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवते. पिशवीत काय असतं म्हणाल तर काही नाही. चष्म्याचं घर, एक रुमाल, बसचा पास. ती पाठीमागे खुंटीला अडकवता येईल. भाचीने दोनदा सांगूनही पाहिलं. सवय, मी म्हणते. माणसाला सवयी असतात आणि म्हाताऱ्या माणसाला दुसरं असतं काय.

चिठ्ठीवर काय लिहावं? खोटं लिहायचं तर डोक्यात एकही खोटं येईना. इतर वेळी माझ्याकडे थापांची कमतरता नसते. सासूबाईंचं बरं असतं, त्यांच्या लेखी जगातला प्रत्येक अवघड शब्द म्हणजे एक भांडं. ‘अरुंद तोंडाचं पितळी भांडं’, ‘दोन कानांचं भांडं’. गेल्या महिन्यात एकदा चुकून खरंच भांडं निघालं तेव्हा त्या अशा काही बसल्या होत्या की जणू कोश त्यांनीच लिहिला. जावई विम्यात आहे, त्याची थाप कलमासारखी असते, ‘तसेच’ आणि ‘अथवा’ यांनी भरलेली. मी शेवटी कंटाळून, किंवा घाबरून म्हणा, खरा अर्थच लिहून टाकला: दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत घालतात ती लाकडी पाचर. म्हटलं, भाची चिठ्ठी उघडेल, ती कोशाशी जुळते असं बघेल आणि ओरडेल, मावशी, लबाडे, तुला माहीत होता. मग मी हसून माफी मागेन, शब्द बाद होईल आणि चिरवंड पुन्हा पुस्तकात जाऊन पडेल. सुटका करून घ्यायची माझी ही पद्धत जुनी आहे. स्वतः काही बोलायचं नाही, दुसऱ्याला ओळखू द्यायचं.

भाचीने माझी चिठ्ठी उघडली, वाचली, आणि बाकीच्यांत मिसळून टाकली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले. दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर भाचीला वाचता येत नव्हतं, आणि ती बँकेत अधिकारी आहे. नाहीतर माझं डोकं चालेनासं झालं होतं. आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग माणसं. मी मनातल्या मनात शेजारचे शब्द म्हणून पाहिले, कार्डांचा खण आठवला, खणाची पितळी मूठ आठवली, कार्डावरची माझी सही आठवली. सगळं जागच्या जागी होतं. पाचरच होती ती. मी मान कापून द्यायला तयार होते.

मग भाची वाचायला लागली. पहिली चिठ्ठी, ‘ओतताना सांडू नये म्हणून चोच केलेलं भांडं.’ जावयाने आईकडे पाहिलं, आईने खिडकीकडे. दुसरी, माझी पाचर. तिसरी, ‘दोन इमारतींमधील सामाईक तसेच विनावापर भिंत.’ आणि चौथी भाचीने त्याच सपाट सुरात वाचली, ‘कोणी येऊन बसेल म्हणून शेजारी राखून ठेवलेली जागा; विशेषतः जिच्यावर शेवटपर्यंत कोणी बसत नाही अशी.’ माझ्या कानांत दडे बसल्यासारखं झालं. भाचीचे ओठ हलताना दिसत होते, ती दुसऱ्यांदा वाचत होती, पण मला ऐकू येत होता आमच्या मुख्यांचा, म्हणजे मुख्य संपादकांचा, खरखरीत आवाज. कचेरीतल्या मागच्या खोलीत, सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी, त्यांनी हेच वाक्य वाचलं होतं. हे वाक्य माझं होतं. कोशातलं नव्हतं ते, कधीच नव्हतं. ती मी रचलेली थाप होती, आणि आता ती कोशात छापलेली होती.

कचेरीत आम्ही जेवणाच्या सुट्टीत हा खेळ खेळायचो. शब्द मुख्यच काढायचे, कारण त्यांना सगळेच शब्द माहीत, त्यांना खेळवण्यात अर्थ नव्हता. आमच्यासाठी ते नुकत्याच जुळवलेल्या कार्डांऐवजी जुन्या हस्तलिखित याद्यांतून शब्द शोधायचे, आणि कोणाच्या हाताखालून तो गेला असेल तर तो तसं सांगायचा आणि मुख्य दुसरा काढायचे. माझ्या कामावरून मला सगळे अर्थबाई म्हणत. पांढऱ्या कार्डावर मी अर्थ लिहायची. पिवळ्या कार्डावर त्याच शब्दाचं वापराचं उदाहरण असायचं, एखादं वाक्य, जुन्या पुस्तकातलं किंवा लोकांच्या तोंडून ऐकलेलं. ऐकलेलं असेल तर पुढे ‘ऐ.’ एवढंच लिहायचं. ते काम ज्यांच्याकडे होतं त्यांना उदाहरणवाले म्हणत. पांढरं आणि पिवळं कार्ड दोऱ्याने एकत्र बांधून ते छापखान्याकडे पाठवायचे. माझ्या अर्थाखाली त्यांचं वाक्य, अशी आमची अकरा वर्षं गेली. हजारो शब्द झाले. कोणी हिशेब मांडला तर आम्ही दोघांनी मिळून जितकं लिहिलं तितकं नवरा-बायको जन्मात बोलत नसतील, पण कामापलीकडे आमच्यात चार वाक्यांच्या वर गेलं नाही.

मला ते आवडायचे. हे मी आज सरळ लिहिते, तेव्हा मनातसुद्धा वळसा घालून म्हणायची. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, लग्न त्यांनी केलं नव्हतं. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक कोरडं पडलेलं. ते कोरडं का बाळगता असं टंकलेखिकेने विचारलं तर म्हणाले, तेही कधी चाललं होतं. जेवायच्या खोलीत लांब टेबल होतं. मी लवकर जाऊन कडेला बसायची आणि शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवायची, म्हणजे ती त्यांच्यासाठी राहील. ते आले की उचलायची, असं मी रोज ठरवायची. ते यायचे, टेबलाकडे एकदा पाहायचे आणि डबा घेऊन खिडकीशी उभे राहायचे. उभ्यानेच जेवायचे. मी पिशवी उचलायची नाही, कारण बाईमाणसाने आपण होऊन जागा करून देणं, तेही सगळ्यांदेखत, मला जमण्यातलं नव्हतं. त्यांनी विचारावं, एवढीच अपेक्षा होती. छापखान्याचा फोरमन मधूनमधून मुद्रितं घेऊन यायचा, तो मात्र काही न विचारता पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवायचा, धपकन बसायचा आणि चढ्या आवाजात विनोद सांगायचा. मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. पण सभ्यता म्हणून मी हसायची.

थापांच्या खेळात उदाहरणवाले माझी चिठ्ठी दरवेळी पकडायचे. सगळी वाचून व्हायच्या आतच म्हणायचे, ‘‘ही अर्थबाईंची. यांच्या थापेत अर्धविराम असतो.’’ खरं होतं ते. खोटं बोलताना मला जास्त काटेकोर व्हावंसं वाटतं. आणि म्हणूनच त्या दुपारी मी ते लिहिलं. मुख्यांनी चिरवंड काढला, तो शब्द माझ्या हाताखालून तीन आठवड्यांपूर्वीच गेला होता. मी ‘माहीत आहे’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. शब्द उदाहरणवाल्यांच्याही हाताखालून गेला होता, पण त्यांनीही म्हटलं नाही; विसरले असतील असं मला वाटलं. रद्द झालेल्या पांढऱ्या कार्डाच्या पाठीवर आम्ही चिठ्ठ्या लिहायचो, तशा एका कार्डावर मी राखून ठेवलेल्या जागेचं वाक्य लिहिलं, अर्धविरामासकट. आयुष्यात एवढं धाडस मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. ते ओळखतील, खोलीभर नजर फिरवतील, खुर्ची बघतील, पिशवी बघतील. यापेक्षा स्पष्ट बोलायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

मुख्यांनी भिंग धरून वाचलं. टंकलेखिका म्हणाली, हे काय बाई, असल्या गोष्टीला कोण कशाला शब्द करेल. मुख्यांनी उदाहरणवाल्यांना विचारलं, तुमचं कोणतं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘दोरीची गाठ.’’ ती टंकलेखिकेची थाप होती. तिला एक गुण मिळाला. त्यांनी माझं वाक्य ओळखलं नाही, असं होणं शक्य नव्हतं. म्हणजे ओळखून सोडून दिलं. घंटा झाली, सगळे उठले. चिठ्ठ्या गोळा करून टोपलीत टाकायचं काम टंकलेखिकेचं, त्या दिवशी ते उदाहरणवाल्यांनी केलं. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. पंधरा दिवसांनी मी अर्ज करून सूची विभागात बदली मागून घेतली. तो रस्त्यापलीकडच्या इमारतीत होता. मुख्यांना नवल वाटलं, पण त्यांचे डोळे तेव्हा मोतीबिंदूने अधू झाले होते, आणि कारण विचारायला माणसाला समोरच्याचा चेहरा दिसावा लागतो.

‘‘मावशी, तुझं मत राहिलंय,’’ भाची म्हणाली. जावयाने पाचर निवडली होती. सासूबाईंनीही पाचरच. ‘‘हे कसं पटण्यासारखं आहे, दाराला लागतेच अशी काहीतरी,’’ त्या म्हणाल्या. राखून ठेवलेल्या जागेला कोणी विचारलं नाही. तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘चौथी.’’ भाचीने टाळी वाजवली. मावशीने एकटीनेच ओळखलं, वर दोघांना फसवलंही, म्हणजे चार गुण. जावयाने कबूल केलं की पाचर इतकी खरी वाटली की कोशालाच ती सुचायला हवी होती. मी हसले. खऱ्या अर्थाला थाप म्हणून गुण मिळाले होते आणि माझी थाप खरी ठरली होती, आणि यातली गंमत सांगायला खोलीत एकही माणूस नव्हतं. जे होतं ते चार वर्षांपूर्वी गेलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, ‘कोशकार्यातील जुने सहायक’, एवढंच. मी गेले नाही. कोणाकडे काय म्हणून जायचं होतं?

मला पहिल्यांदा जे वाटलं ते लाज, दुसरं काही नाही. म्हटलं, माझं कार्ड कसंतरी खणात पडलं असणार. आकार तोच, कागद तोच, अक्षर माझंच, मुख्यांना नीट दिसत नव्हतं. घाईघाईत निघालेला तो खंड, आणि माझा पोरकटपणा त्यात शब्दाचा अर्थ होऊन बसला. चौतीस वर्षं मी कानामात्रा मोजल्या, दुसऱ्याच्या चुकांवर तांबडी शाई ओढली, आणि चोवीस वर्षं माझी सर्वांत मोठी चूक लोकांच्या कपाटांतून उभी होती. संच निघाला तेव्हा मला कचेरीतर्फे मिळालेली प्रत मी पुडकं न सोडता भाचीला लग्नात दिली होती. तिच्या घरी काही वर्षं त्या खंडांवर दूरदर्शन संच होता. तो खंड मी कधी उघडला नव्हता, तो रस्ताच मी टाळला होता. भाची कोशाकडे बघत पुटपुटत होती, ‘‘विचित्रच आहे नाही हा अर्थ? मावशी, तू होतीस ना ह्या खंडावर? चुकलंबिकलं नसेल ना काही?’’

मी म्हटलं, ‘‘बघू.’’ तिने कोश माझ्याकडे सरकवला. मी चष्मा बदलला. पानाचा वास मला परका वाटला नाही. डाव्या रकान्यात, खालून तिसरा. ठळक अक्षरात चिरवंड, मग माझं वाक्य, माझा अर्धविराम. आणि त्याखाली तिरप्या टाइपात उदाहरण. खेळात उदाहरण कोणी वाचत नाही, त्यावरून अर्थ ओळखू येतो म्हणून. उदाहरण असणारच हे मला सुचलंच नव्हतं. माझा अर्थ चुकून खणात पडला असता, तर त्याखाली पाचरीचं उदाहरण असायला हवं होतं, कारण पाचरीचं पिवळं कार्ड आधीच बांधून झालं होतं. तिथे लिहिलं होतं: ‘चिरवंड दुसऱ्या कोणासाठी आहे असे समजून तो रोज उभाच राहिला. (ऐ.)’

मी ते एकदा वाचलं. पुन्हा वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. छापील अक्षराला आवाज नसतो असं म्हणतात, पण मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, खालच्या पट्टीतला, वाक्याच्या शेवटी थोडा विझणारा. दुसऱ्या कोणासाठी. फोरमनसाठी. तो धपकन बसायचा आणि मी हसायची, ते खिडकीशी उभ्या माणसाला दिसायचं. त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, माझी काढून घेतली, बांधलेला दोरा सोडला, पाचर बाजूला केली आणि माझ्या अर्थाखाली आपलं वाक्य बांधलं. एका ओळीसाठी त्यांनी अख्खी नोकरी पणाला लावली होती, आणि नंतर खंड छापून येईपर्यंत दोन वर्षं वाट पाहिली होती. कारण दोन वर्षांनीच ते मला बसथांब्यावर भेटले होते. मी सूचीतून सुटले होते, ते आईचं औषध घेऊन चालले होते. उन्हाबद्दल बोलून झालं. मग म्हणाले, ‘‘तो खंड निघाला. पाहिलात का?’’ मी म्हटलं, नाही, आता अर्थ बघायची सवय सोडली. ते पिशवीतली बाटली सारखी करत म्हणाले, ‘‘वेळ मिळाला तर बघा. ‘चि’ची पानं. उदाहरणं बरी जमलीत.’’ मला राग आला होता. दोन वर्षांनी भेटून हा माणूस कामाचंच बोलतो. मी म्हटलं, तुमची उदाहरणं बरी असतातच, आणि बस आली तशी चढले. मागे वळून पाहिलं नाही. उत्तर त्यांनी दिलं होतं, मीच उघडलं नव्हतं. आणि मी न उघडणं हेच माझं उत्तर समजून ते बाकीची वीस वर्षं जगले असणार.

‘‘काय गं, चूक आहे का?’’ भाचीने विचारलं. कोशाची सुधारित आवृत्ती निघायची आहे, जुन्या माणसांनी आढळतील त्या चुका कळवाव्यात असं पत्र मला गेल्या महिन्यात आलं होतं, हे तिला माहीत होतं. मी सत्तावीस चुका लिहून ठेवल्या आहेत. अर्थाच्या बाबतीत मी कधी कोणाला खोटं सांगितलेलं नाही, खेळ सोडला तर. मी बोट अर्धविरामावर ठेवलं आणि म्हटलं, ‘‘नाही. बरोबर आहे. शब्द जुना आहे, लोकांच्या वापरातून गेलाय, म्हणून विचित्र वाटतो.’’ जावई म्हणाला, हल्ली अशा जागा राखून कोण ठेवतो, मावशी, आधीच खुर्च्या कमी. मी म्हटलं, तेही खरंच.

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं आहे, आतल्या बाजूच्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीपर्यंत जायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. कप मांडून त्या माझ्या शेजारी थांबल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पिशवीकडे बघत. ‘‘विहीणबाई, इथं कोणी बसणार आहे का?’’ त्यांनी विचारलं. साधा प्रश्न होता. बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही माणूस दिवसातून दहादा विचारतो. पण मला कोणी तो कधी विचारल्याचं आठवेना, आणि मी उत्तर शोधत बसले. त्यांना वाटलं असावं मला ऐकू गेलं नाही, त्या पुन्हा विचारायला वाकल्या.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘कोणी नाही. बसा ना.’’ पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती अगदी हलकी होती. सासूबाई सावकाश टेकल्या, त्यांच्या दंडाची ऊब माझ्या दंडाला लागली, आणि त्या चहात साखर कमी पडल्याचं सांगू लागल्या. भाचीने पुढचा शब्द काढायला कोश मागितला. मी तो मिटला, आणि तिच्या हातात द्यायला थोडा वेळ लावला.